काच हवेत असताना

आमच्या हॉस्पिटलात मामा तीन. वॉर्डबॉय म्हटलेलं त्यांना आवडत नाही आणि नावानं हाक मारायची इथं पद्धत नाही, म्हणून सगळे मामा. एक लिफ्टवाले मामा, एक ऑक्सिजनवाले मामा आणि तिसरे काचवाले मामा. पहिल्या दोघांचं कारण उघड आहे. तिसऱ्यांचं कारण असं, की इथं येण्याआधी बावीस वर्षं ते एका दुकानातून काचा पोचवायचं काम करत होते. माणसाहून उंच काच दोघांनी धरायची, रस्त्यातून, जिन्यावरून, अरुंद वळणावरून न्यायची आणि गिऱ्हाइकाच्या खिडकीत बसवून यायचं.

मी आयसीयूची इन्चार्ज सिस्टर. माझ्या जिभेला हाड नाही, याबद्दल माझ्या सासूबाईंपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ते लागणार आहे.

मामा बुटके, खांद्यात रुंद, दोन्ही तळहातांवर पांढरे वण. त्यांची एक खोड होती. हातात ओझं असलं की ते बोलत नसत. स्ट्रेचर ढकलत चाललेत, तुम्ही विचारा, "मामा, जेवलात का?" उत्तर नाही. स्ट्रेचर जागेवर नेतील, ब्रेक लावतील, रुग्णाला पलंगावर घेतील, "ठेवलं" म्हणतील, हात पुसतील आणि मग तुमच्याकडे वळून म्हणतील, "हं. जेवलो." तोवर तुम्ही काय विचारलं होतं ते तुम्हीच विसरलेले असता. पहिलं वर्षभर मी त्यांना शिष्ट समजत होते.

एकदा न राहवून मी टोमणा मारलाच. "मामा, तोंड उघडलं की तुमच्या हातातली ताकद जाते का हो?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "सिस्टर, काच हवेत असताना फक्त एकानं बोलायचं. डोक्याकडची बाजू ज्याच्या हातात, त्यानं. त्याला पुढचं दिसत असतं. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप. तो 'ठेवलं' म्हणाला की मग सगळ्यांनी बोला, भांडा, काय वाटेल ते करा."

"आणि मध्ये कोणी बोललं तर?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. दुकानात त्यांच्या जोडीला त्यांचे थोरले भाऊ असत. दादा पुढं, हे मागं. एका सकाळी मोठी काच घेऊन रस्ता ओलांडताना कोणीतरी विचारलं, "किती वाजले हो?" मामांच्या मनगटावर नवं घड्याळ होतं. त्यांनी मान वळवली आणि सांगितलं, "साडेदहा." तेवढ्यात दादा पुढून "थांब" म्हणाले होते. ते यांच्या कानावर आलंच नाही. काच तिरकी झाली आणि दादांच्या उजव्या हातावरून गेली. दोन बोटं आजही मिटत नाहीत. त्या हाताच्या ड्रेसिंगसाठी भावाला घेऊन मामा आमच्या हॉस्पिटलात चकरा मारायला लागले, आणि चकरा मारता मारता इथंच कामाला लागले. काचेच्या दुकानात परत पाऊल टाकलं नाही. घड्याळही परत घातलं नाही.

"दादा एका शब्दानं बोलले नाहीत मला," मामा म्हणाले. "बोलले असते तर बरं झालं असतं."

आता मूळ गोष्टीकडे येते.

त्या वर्षी फुफ्फुसं निकामी झालेले रुग्ण एकामागून एक यायला लागले. मशीननं कितीही ऑक्सिजन आत ढकला, रक्तात उतरायचाच नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, अशांना पालथं घालायचं. कारण साधं आहे. फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो आणि माणूस दिवसचे दिवस उताणा पडून राहिला की तोच भाग वरच्या वजनाखाली दबून मिटतो. पालथं घातलं की तो मोकळा होतो, उघडतो. दिवसातले सोळा तास पालथं, मग काही तास उताणं, पुन्हा पालथं.

सांगायला सोपं. घरात चार महिन्यांचं बाळ आपलं आपण पालथं पडतं आणि घरचे टाळ्या वाजवतात. इथं नव्वद-शंभर किलोचा माणूस, औषधानं गाढ झोपवलेला, तोंडात श्वासाची नळी, मानेत सलाइनची, खाली लघवीची, छातीवर तारा. अंगाखाली एक चादर, अंगावर एक, दोन्हींच्या कडा एकत्र घट्ट गुंडाळून मुठीत धरायच्या. मग तीन टप्पे: पलंगाच्या कडेला सरकवायचं, कुशीवर उभं करायचं, पालथं टाकायचं. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, पोट मोकळं. तोंड एका बाजूला, डोळ्यांवर पट्टी, एक हात वर, एक खाली. दर दोन तासांनी मान आणि हात बदलायचे. एवढ्याला सात माणसं लागतात, आणि या सातांत सर्वांत जपायची गोष्ट ती तोंडातली नळी. ती निसटली तर माणूस हातचा गेला.

नळी आणि डोकं धरायचं काम डॉक्टरांचं. आमच्या छोट्या मॅडम ते करायच्या. नुकत्याच शिकून आलेल्या, हात इतका हलका की नवख्या नर्सेस बघत राहायच्या. पण आवाज! आधीच बारीक, त्यात मास्कवर मास्क, मशीनचे भोंगे, एसीची घरघर. पहिल्याच वेळी त्यांनी "एक, दोन, तीन" म्हटलं ते कमरेपर्यंत पोचलं, पायापर्यंत पोचलंच नाही. अंग वळलं, पाय मागंच राहिले. सुदैवानं काही बिघडलं नाही.

मी तिथंच फर्मान काढलं. "मामा, पुढच्या वेळेपासून तुम्ही मोजा. तुमचा आवाज खणखणीत आहे."

मामा म्हणाले, "सिस्टर, मी कमरेकडे असतो. डोकं मॅडमच्या हातात. मोजायचं त्यांनी."

"मामा, हे काचेचं दुकान नाही. नियम तुमच्याकडे ठेवा आणि मोजा."

बिचाऱ्या मॅडमनीही मान डोलावली. नव्या होत्या, मी जुनी. मामा मोजायला लागले. त्यांचा "एक, दोन, तीन, चला" जिन्यापर्यंत ऐकू जायचा. अकरा रुग्ण आम्ही असे पालथे-उताणे केले, एकालाही धक्का लागला नाही, आणि मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली.

बारावा बेकरीवाला. पंचेचाळिशीचा, एकशे बारा किलोचा. आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनला त्याच्याच बेकरीतून पाव यायचा, म्हणजे आम्ही सगळे त्याचं खाल्लेले. बायको आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून असे. दर वेळी दार उघडलं की उठून उभी राहायची आणि काही न विचारता परत बसायची. मला अशी माणसं जास्त त्रास देतात. विचारणाऱ्याला निदान उत्तर देता येतं.

पहिल्या दिवशी चार वाजता त्याला पालथं घातलं. ऑक्सिजन ऐंशीवरून त्र्याण्णववर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उताणं करायचं होतं. आठची वेळ म्हणजे ड्युटी बदलायची, निम्मे लोक जाण्याच्या घाईत, निम्मे अजून डोळे चोळत. आम्ही सात जण पलंगाभोवती उभे राहिलो. मॅडम डोक्याशी, मामा कमरेशी, मी त्यांच्या समोर. कुशीवर आणला, तिथवर ठीक. मामांनी पुढच्या टप्प्याचं मोजायला सुरुवात केली.

"एक, दोन..."

मशीनची नळी पलंगाच्या कठड्यात अडकली होती. ते फक्त डोक्याकडून दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, "थांबा."

"तीन, चला!"

दोन्ही शब्द एकाच वेळी पडले. एक बारीक, एक खणखणीत. आम्ही खणखणीत ऐकला.

एकशे बारा किलो उताणे झाले आणि श्वासाची नळी कठड्याला लटकत राहिली.

पुढची चार मिनिटं मी सांगणार नाही, सांगण्यासारखी नाहीत. ऑक्सिजनचा आकडा एक्केचाळीसपर्यंत खाली गेला. मॅडमनी फुग्यानं हवा भरली, मोठे डॉक्टर धावत आले, नळी परत बसली. आकडा वर चढायला लागला तेव्हा माझी जीभ सुटली.

"मामा, तुम्हाला कान आहेत की नाहीत? काच नाही ती, माणूस आहे तो!"

सगळ्यांदेखत. दार उघडं होतं, बाहेर बाकावर बेकरीवाल्याची बायको बसली होती.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ज्या माणसानं मला तो नियम शिकवला, ज्याला मीच तो मोडायला लावला, त्याच्यावरच मी खापर फोडलं. आणि मामांनी ते घेतलं. हातमोजे काढले, बादलीत टाकले आणि निघून गेले. तासाभरानं कळलं, त्यांनी खाली धुलाईच्या खोलीत बदली मागितली आहे.

दुपारी बारापर्यंत बेकरीवाल्याची गाडी पुन्हा उताराला लागली. मशीन शंभर टक्के ऑक्सिजन देतंय आणि आकडा त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या वर जात नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "चार वाजता पालथं घालायलाच हवं. नाही घातलं तर उद्याची सकाळ दिसणार नाही. आणि सकाळसारखं पुन्हा झालं, तर आजची संध्याकाळही दिसणार नाही." एवढं बोलून ते दुसऱ्या रुग्णाकडे गेले. मोठ्या डॉक्टरांचं हे बरं असतं.

मामांच्या जागी कोण? एकशे बारा किलोची कंबर सांभाळायची म्हणजे गंमत नव्हे. मी लिफ्टवाल्या मामांकडे पाहिलं, त्यांनी आपल्या पाठीच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग मला दिसलं, छोट्या मॅडम जिन्यानं खाली निघाल्यात. मी मागोमाग गेले.

धुलाईच्या खोलीत मामा चादरींच्या घड्या घालत होते. मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "मामा, डोकं माझ्या हातात होतं. मोजायचं मी होतं. मी ते तुमच्यावर ढकललं, कारण मला ओरडायची लाज वाटते. घरी सगळ्यांत धाकटी मी, मला कधी ओरडावंच लागलं नाही."

मामांनी घडी पूर्ण केली, चादर फळीवर ठेवली. "मग आता?"

"आता मला ओरडायला शिकवा. चार वाजायच्या आत."

मी दारात उभी होते. खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण शब्द तोंडाशी आले आणि परत गेले. दुसऱ्यावर ओरडायला मला कधी शिकवावं लागलं नाही. चुकलं म्हणायची वेळ आली की माझीही बारीक आवाजाची छोटी मॅडम होते.

मामा म्हणाले, "स्टोअरमध्ये समोरच्या दरवाजाची जुनी काच पडली आहे. ती काढू."

"खरी काच?" मी म्हणाले. "मामा, हॉस्पिटल आहे हे. फुटली तर?"

मामांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "फुटली तर फुटेल. काच आहे ती, सिस्टर. माणूस नाही."

मी स्टोअरची किल्ली आणून दिली.

अडीच वाजता आमच्या मागच्या पॅसेजमध्ये जे चाललं होतं ते कोणी वरिष्ठांनी पाहिलं असतं तर आम्हा सगळ्यांना घरी पाठवलं असतं. सात फुटी काच, जाड हातमोजे घातलेली सात माणसं. मॅडम पुढं, मामा मधे, मी शेवटी. मामांनी एवढंच सांगितलं, "पुढचं फक्त मॅडमना दिसतंय. तुम्ही काच बघू नका, रस्ता बघू नका. मॅडम म्हणतील ते करा, नाही म्हणतील ते करू नका." आणि मॅडमना म्हणाले, "घशातून नको. पोटातून. आणि 'प्लीज' नको."

पहिल्या फेरीला मॅडम वळणावर "थांबा" म्हणाल्या, ते मला ऐकूच आलं नाही. काचेचा कोपरा भिंतीला घासला, रंगाचा पोपडा पडला. दुसऱ्या फेरीला कँटीनचा माणूस ट्रे घेऊन समोर आला. "अरे, कुठं निघाली वरात?" आमचा फिजिओथेरपिस्ट उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते तसंच मिटलं. मॅडमचा "थांबा" या वेळी माझ्यापर्यंत आला, पण विनंतीसारखा. आम्ही थांबलो, जरा उशिरा.

तिसऱ्या फेरीला काय झालं कोण जाणे. कदाचित हात भरून आले असतील, कदाचित सकाळ आठवली असेल. वळणावर मॅडमनी "थांबा!" म्हटलं आणि आम्ही सातही जण जागच्या जागी खिळलो. एवढंच नाही, पलीकडे ओपीडीत केसपेपरच्या रांगेतली माणसंही थांबली आणि बाकावरचे एक आजोबा उठून उभे राहिले. "चला!" आम्ही निघालो. काच भिंतीला टेकवली. मॅडम म्हणाल्या, "ठेवलं!" आणि मग आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो, शाळा सुटल्यासारखे.

चार वाजता मामा पलंगाच्या कमरेकडच्या बाजूला येऊन उभे राहिले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी काही विचारलंही नाही. मी समोर. मॅडमनी आधी कठडे उतरवून घेतले, एकेक नळी बोटानं शेवटपर्यंत पाहिली. मग चादरींच्या कडा गुंडाळल्या.

"एक, दोन, तीन, चला!" बेकरीवाला कडेला सरकला.

"एक, दोन, तीन, चला!" कुशीवर उभा राहिला. त्याची सगळी कंबर मामांच्या हातांवर आली.

"थांबा!"

मानेतली सलाइनची नळी खांद्याखाली ताणली गेली होती. मॅडमनी एका हातानं डोकं धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ती सोडवायला घेतली. भोंगा वाजायला लागला. आकडा ब्याऐंशी, एकोणऐंशी, सत्त्याहत्तर. तो मामांच्या अगदी समोर होता आणि त्यांना दिसत होता. त्यांचे दंड थरथरत होते, कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात नव्हता. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. मी असते तर नक्की बोलले असते, "मॅडम, लवकर!" तरी म्हणाले असते. मामांचे ओठ मास्कच्या आत हलले की नाही मला माहीत नाही. आवाज आला नाही. भिंतीवरच्या घड्याळावर माझी नजर होती; बावीस सेकंद ते तसे उभे होते. मग मॅडमनी पुन्हा मोजायला घेतलं, एक, दोन...

"तीन, चला!"

आणि बेकरीवाला पालथा झाला. छातीखाली उशी, कमरेखाली उशी. नळी जागेवर. मॅडमनी तोंडाशी कान नेऊन पाहिलं, छातीचा आवाज ऐकला, सगळ्या नळ्या पुन्हा पाहिल्या.

"ठेवलं," त्या म्हणाल्या.

मामांनी हात सोडले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. साडेचारला आकडा अठ्ठ्याऐंशी होता, सहाला त्र्याण्णव. मी बाहेर जाऊन बेकरीवाल्याच्या बायकोला सांगितलं. ती उठली, आणि पहिल्यांदाच मला काहीतरी विचारलं. "पाणी कुठं मिळेल?" दोन दिवस तिनं पाणीही मागितलं नव्हतं.

त्यानंतर त्याला आम्ही आणखी पाच वेळा पालथं घातलं. मोजायच्या मॅडम. बाराव्या दिवशी मशीन सुटलं, पाचव्या आठवड्यात तो घरी जायला निघाला. एकशे बाराचा ब्याऐंशी झाला होता. त्याला उचलणाऱ्यांपैकी एकालाही तो ओळखत नव्हता, ओळखायचं कारणही नव्हतं. मामा आमच्यात परत आले होते. माझ्याशी पूर्वीसारखंच वागत होते, आणि तेच मला टोचत होतं. दादांबद्दल ते म्हणाले होते ना, बोलले असते तर बरं झालं असतं, तसंच काहीसं.

बेकरीवाल्याला चाकाच्या खुर्चीत बसवून मामा खाली निघाले. औषधांची पिशवी घेऊन मी बरोबर. लिफ्टमध्ये मी धीर केला. "मामा, त्या दिवशी मी जे बोलले..."

मामा समोर बघत राहिले. उत्तर नाही.

लिफ्ट उघडली. ओपीडीतून, बाकांच्या मधून, केसपेपरच्या रांगेला वळसा घालून आम्ही दरवाजाकडे निघालो. मी पुन्हा म्हणाले, "मामा, ऐकताय ना?" नाही. मला वाटलं, झालं, हा माणूस आता जन्मभर माझ्याशी बोलणार नाही, आणि माझी तीच लायकी आहे. दारात गाडी उभी होती. बायकोनं दार उघडून धरलं. मामांनी खुर्चीला ब्रेक लावला, बेकरीवाल्याच्या काखेत हात घातले, त्याला उभं केलं, वळवलं, हळूच सीटवर बसवलं. त्याचे पाय एकेक करून आत घेतले. दार लावलं.

"ठेवलं," ते म्हणाले.

मग हात पुसले आणि माझ्याकडे वळले. "हं सिस्टर. आता बोला."

आणि मी बोलले. पोटातून, बाकावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.